चित्रात मापासाठी उभी असलेली व्यक्ती

तीर्थस्वरूप दादा यांस,

शिरसाष्टांग नमस्कार. (पाठ धरल्यामुळे आठांपैकी सहाच अंगांचा समजावा, उरलेली दोन उतार पडला की पाठवीन.) आपली प्रकृती, वहिनींचा खोकला आणि आपल्या शिलाई मशीनचा तो कुरकुरणारा पट्टा, तिन्ही ठिकाणी बरं असेल अशी आशा करतो. माझं विचाराल तर चाललंय. स्वयंपाक जमतो. मीठ चमच्याने मोजून घालतो तरी रोज वेगळं लागतं, याचं कारण अजून सापडलेलं नाही. दोन खोल्यांचं घर गेल्या आठ महिन्यांत मोठं झाल्यासारखं वाटतं म्हणून एकदा टेप लावून पाहिला. भिंती होत्या तिथेच आहेत.

आपली बहीण गेली तेव्हा आपण आलात, चार दिवस राहिलात, आणि मी आपल्याशी "चहा घ्या" आणि "गाडी किती वाजता" यापलीकडे बोललो नाही. त्याचा राग आला असेल तर तो रास्त आहे. पण हे पत्र माफीचं नाही. हे पत्र आपल्यावर एक आरोप ठेवण्यासाठी लिहीत आहे, तेव्हा राग सगळा आत्ताच खर्च करू नये, पुढे लागेल.

आरोप असा. सव्वीस वर्षांपूर्वी, आमचं लग्न ठरत असताना, मी मुलीची उंची विचारली आणि आपण छातीवर हात ठेवून सांगितलंत, "पाच फूट एक इंच." आपण व्यवसायाने शिंपी. आपल्या गळ्यात तेव्हाही टेप होता. (पिवळा, एका टोकाला पितळी पट्टी असलेला. मला आठवतं.) तिचे सगळे कपडे आपणच शिवत होतात. म्हणजे खांद्यापासून टाचेपर्यंत ती किती आहे हे पाव इंचापर्यंत ठाऊक असलेला या पृथ्वीवरचा एकमेव माणूस माझ्यासमोर बसून, गळ्यात टेप घालून, धडधडीत खोटं बोलला. आता मी तो प्रश्न विचारलाच का, असं आपण म्हणाल. चूक माझीही आहे, मान्य करतो. माझी उंची पाच फूट सात इंच, आणि जोडीतल्या दोघांत अकरास दहा हे प्रमाण शोभतं असं मी जुन्या शिल्पांवरच्या कुठल्याशा पुस्तकात वाचलं होतं. चोवीस-पंचवीसच्या वयात स्वतःच्या हिमतीवर शिकणाऱ्या माणसाला जे पुस्तक हाती लागेल ते ब्रह्मवाक्य वाटतं. पण मी विचारलं ते मूर्खपणाने, आपण सांगितलंत ते जाणूनबुजून. फरक आहे.

या खोट्यावर पुढे काय काय उभं राहिलं ते सविस्तर सांगतो, कारण आपल्याला त्याची कल्पना नसणार.

आमच्या पर्यटन कार्यालयाने प्रसिद्ध केलेली, परदेशातून येऊ घातलेल्या पाहुण्यांना आपल्या प्राचीन देशाची ओळख करून देणारी पुस्तिका आपण पाहिली आहे. (आपल्याला दोन प्रती पाठवल्या होत्या. एक आपण कापडाच्या गठ्ठ्याखाली टेकू म्हणून वापरता हे मला ठाऊक आहे. राहू द्या.) मी त्या कार्यालयात आवक-जावक कारकून. पुस्तिका लिहिण्यासाठी जे दोन विद्वान नेमले होते त्यांचं देशाच्या वयावरून भांडण झालं, शंभर वर्षं इकडे की तिकडे, आणि दोघेही रागावून निघून गेले. मी साहेबांना म्हणालो, मी लिहितो. साहेब हसले, आणि हसता हसता हो म्हणाले. पुस्तिकेचं पहिलं वाक्य माझं आहे: "या देशात यायला आपल्याला उशीर झाला असेल तर काळजी करू नये, तो अडीच हजार वर्षं आपल्यासाठी थांबला आहे." हे वाक्य पाहुणे आपसांत वाचून दाखवतात, मी स्वतः ऐकलंय.

पण वाक्यं कुणीही लिहील. मला मापं द्यायची होती. "भव्य", "गगनचुंबी", "डोळ्यांचं पारणं फेडणारा" असलं लिहून पाहुण्याच्या हाती काय लागतं? तो इतका खर्च करून येणार, त्याला आधी कळायला नको का की मान किती वर करावी लागेल? आता रुंदी टेपने मोजता येते, उंची कशी मोजणार? शिडी लावायला परवानगी नाही, मोजणीची उपकरणं कार्यालयाकडे नाहीत. तेव्हा मी माझी पद्धत काढली. वास्तूच्या अगदी पायाशी एक माणूस उभा करायचा, लांबून, कॅमेरा तिपाईवर बरोबर समपातळीत ठेवून फोटो घ्यायचा, आणि फोटोत ते माणूस खालपासून वरपर्यंत किती वेळा बसतं ते मोजायचं. माणसाची उंची पक्की ठाऊक हवी, एवढीच अट. आणि माझ्या घरात पक्की उंची ठाऊक असलेलं एक माणूस होतं.

चार वर्षं, दर सुट्टीला, मी आणि आपली बहीण. त्रेचाळीस फोटो, एकशे बारा उंच्या. प्रस्तावनेत मी लिहिलं: "चित्रात मापासाठी उभी असलेली व्यक्ती पाच फूट एक इंच उंच आहे." तिपाईपाशी उभा राहून मी हाकही तशीच मारायचो, "पाच-एक, जरा डावीकडे!" चपला काढायला लावायचो, कारण चपलेच्या तळाचा अर्धा इंच हिशेबात येतो. दुपारी, कारण तेव्हाच सावली खांबावर चढत नाही. दगड तापलेला असायचा. एकदा तिथला राखणदार माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "साहेब, बाईंना कसली शिक्षा आहे?" एकदा पाहुण्यांची अख्खी बस उतरली आणि तिला पुतळा समजून तिचेच फोटो काढून गेली, ती हलली नाही, कारण मी "हलू नको" म्हटलं होतं. मी मनासारखा उजेड येईपर्यंत थांबायचो. ती म्हणायची, "अहो, हा खांब दोन हजार वर्षं उभा आहे, त्याला सवय आहे. मला नाही." मी म्हणायचो, दोन मिनिटं. (माझी दोन मिनिटं सरासरी बावीस मिनिटांची असत. हे तिने मोजलं होतं, मी नाही.)

पुस्तिका निघाली त्याला अकरा वर्षं झाली. कार्यालयात आजतागायत कुणाला ठाऊक नाही की ती व्यक्ती कोण. कुणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. माप हे माप असतं, त्याला नातं चिकटवलं की लोक शंका घेतात.

मग गेल्या वर्षी तिचं दुखणं निघालं, इस्पितळात नेलं, आणि तिथल्या नर्सने वजन-उंचीच्या काट्यावर तिला उभं केलं आणि कार्डावर लिहिलं: चार फूट सव्वा अकरा. मी म्हटलं, परत मोजा. तिने परत मोजलं. मी म्हटलं, काटा तपासा. ती म्हणाली, "काका, काटा ठीक आहे, मागे रांग आहे." आपली बहीण काट्यावरून उतरली, चपलेत पाय घातले आणि म्हणाली, "राहू द्या हो, वय झालं की माणूस आखडतं." आणि हसली. मला ते हसणं कळलं नाही. दादा, आता आपल्याला एक गोष्ट सांगतो, ती वहिनींना वाचून दाखवू नका. त्याच दिवशी डॉक्टरांनी मला आत बोलावून रिपोर्ट समजावून सांगितला आणि विचारलं, काही शंका आहे का? मी विचारलं, सत्तेचाळिसाव्या वर्षी माणूस पावणेदोन इंच आखडू शकतं का? त्यांनी माझ्यासाठी पाणी मागवलं.

इथवर मी नर्सलाच दोष देत होतो. आता गेल्या महिन्यातलं ऐका. कार्यालयात एका पाहुण्याचं पत्र आलं. हा पाहुणा निवृत्त भूमापक. म्हणजे आयुष्यभर जमिनी मोजल्या, आणि निवृत्त झाल्यावर सुट्टीतही स्वस्थ बसवेना. लाल उजेडाचं मोजण्याचं यंत्र घेऊन तो आपल्या देशाची प्राचीनता बघायला आला आणि माझी पुस्तिका तपासत फिरला. (मनातल्या मनात मी त्याला उठून नमस्कार केला. असा वाचक अकरा वर्षांत एकच.) त्याने लिहिलं होतं की पश्चिमेचा दरवाजा पुस्तिकेप्रमाणे तेहतीस फूट अर्धा इंच, तो तंतोतंत तेवढाच आहे, अभिनंदन. पण पूर्वेचा मोठा खांब पुस्तिकेत छत्तीस फूट सव्वादहा इंच, तो प्रत्यक्षात पस्तीस फूट साडेनऊ इंच आहे. एक फूट पाऊण इंच कुठून आला? अशीच त्याने चौदा मापं तपासली होती. सात अचूक, सात फुगलेली. शेवटी विचारलं होतं, "ही मापं एकाच माणसाने घेतली आहेत काय?"

संचालकबाईंनी मला बोलावलं. बाई नव्या आहेत, वयाने लहान, शिकलेल्या, आणि बोलायला गोड. म्हणाल्या, "तुमची पुस्तिका फार छान आहे हो." असं म्हणणारं माणूस पुढे "पण" म्हणतंच. तर पण असं, की नवी आवृत्ती काढायची आहे, मापं दुरुस्त करायची आहेत, आणि "या प्रत्येक फोटोत या बाई कोण उभ्या आहेत?" मी म्हटलं, माप. त्या म्हणाल्या, पाहुण्यांना मोकळी वास्तू आवडते, तिथे स्वतःला कल्पता आलं पाहिजे. मग संगणकावर बसणाऱ्या ताईंना बोलावून त्यांनी मला एक फोटो करून दाखवला. दोन मिनिटांचं काम. (खरोखरीची दोन मिनिटं.) आपली बहीण गेली आणि तिच्या जागी मागचा दगड आला. दरवाजा होता तसाच होता, फक्त तो केवढा आहे ते आता सांगता येईना. बोटाएवढाही असेल, डोंगराएवढाही असेल. मी हे बाईंना म्हटलं. त्यांना ते पटलं, खोटं कशाला बोलू. म्हणाल्या, "ठीक आहे, माप म्हणून व्यक्ती राहू दे. पण मग त्या व्यक्तीच्या उंचीचा काहीतरी कागद फाइलला लावा. या पत्रानंतर नुसत्या शब्दावर मी सही करणार नाही. घरातल्या वडीलधाऱ्या माणसाचा दाखला असला तरी चालेल. नाही तर त्रेचाळीसही पुसून घेऊ." फाइल सोमवारी सकाळी अकराला छपाईला जाते.

आधी मी मापं दुरुस्त करायला घेतली, कारण ती माझी अब्रू. एका इलेक्ट्रिशियनकडून ते लाल उजेडाचं यंत्र मागून आणलं आणि रजा टाकून देशाची प्राचीनता पुन्हा मोजायला निघालो. उंचीला यंत्र, पण रुंदीला टेप हवाच, आणि टेपला दोन टोकं असतात हे मी विसरलो होतो. एका टोकावर दगड ठेवला, तो घसरला. मग एका पाहुण्याला विनंती केली. तो बिचारा आनंदाने टोक धरून उभा राहिला, आणि मी आकडा वाचेपर्यंत ते टोक हातात घेऊनच पुढच्या दालनात निघून गेला. माझ्या हातातली डबी फिरत राहिली आणि मी जगातलं सगळ्यात रुंद दालन मोजलं. आपली बहीण टोक धरायची तेव्हा पलीकडून सारखी ओरडायची, "झालं का? झालं का हो?" त्या कटकटीने माझे आकडे चुकायचे असं मी तिला नेहमी म्हणत असे. या वेळी पलीकडून कुणी काही विचारलं नाही आणि मला तोच खांब तीनदा मोजावा लागला.

आठ दिवसांनी सगळे आकडे जुळवले तर चित्र असं दिसलं: पहिल्या एकोणीस फोटोंतल्या एकोणपन्नास उंच्या बिनचूक. विसाव्या फोटोपासून पुढच्या त्रेसष्ट सगळ्या चुकलेल्या, आणि सगळ्या एकाच प्रमाणात, शेकडा तीनने जास्त. म्हणजे देशाची पश्चिम बाजू खरी आणि पूर्व बाजू आपल्या कृपेने फुगलेली. पण एकच व्यक्ती, एकच उंची, मग निम्मं खरं आणि निम्मं खोटं कसं? मी नेगेटिव्ह काढल्या, घड्याळजीचं भिंग आणलं, आणि खिडकीपाशी बसून एकेक बघू लागलो.

दादा, पहिल्या एकोणीस फोटोंत तिच्या टाचा वर आहेत.

टाच आणि दगड यांच्यामध्ये उजेडाची एक बारीक रेघ दिसते. पाय भाजतात म्हणून असेल, असं आधी वाटलं. पण पाय भाजलेलं माणूस कधी हा पाय उचलतं, कधी तो. एकोणीसच्या एकोणीस फोटोंत दोन्ही टाचा सारख्या, आणि भिंगाखाली पट्टी लावून हिशेब केला तर बरोबर पावणेदोन इंच. शिंप्याची बहीण, मापाला चुकायची नाही. मी तिकडून "पाच-एक" म्हणून हाक मारत होतो आणि ती इकडे पाच-एक होत होती. बावीस-बावीस मिनिटं. तोंडातून शब्द नाही. का सांगितलं नसेल, यावर मी बराच विचार केला. एक कारण आपली, म्हणजे भावाची, लाज राखणं. दुसरं कारण, सांगितलं असतं तर मी सगळं पहिल्यापासून मोजायला काढलं असतं, आणि पुन्हा उभं कुणी राहायचं?

विसाव्या फोटोत टाचा खाली आहेत. त्या दिवसाची वही माझ्याकडे आहे. त्यात माझ्या अक्षरात लिहिलंय: "प्रकाश उत्तम. सौ.चा गुडघा दुखतो म्हणते. तरी काम झाले." त्यानंतर एकाही फोटोत टाचा उचललेल्या नाहीत. विसाव्यात एका हाताने खांब धरलाय. मी तेव्हा ओरडलो होतो, हात काढ, माप बिघडतं.

असो. मुद्द्यावर येतो, कारण पत्र लांबलं आणि आपल्याला डोळ्यांचा त्रास आहे. फाइलला कागद हवा. कागद आपणच देऊ शकता. सव्वीस वर्षांपूर्वी आपण माझी फसवणूक केलीत, त्यामुळे अर्ध्या देशाच्या उंचीत दोष आला, एका सज्जन भूमापकाला मनस्ताप झाला, आणि माझी जन्माची मेहनत हास्यास्पद ठरायची वेळ आली. तरी आता तरी, गळ्यातला टेप काढून ठेवून, खरं काय ते स्वच्छ लिहून पाठवावं, ही विनंती नव्हे, अपेक्षा आहे.

वहिनींना नमस्कार. खोकल्यावर गरम पाण्याची वाफ घ्यायला सांगावं. मशीनच्या पट्ट्याला मेण लावावं, तेल नको.

आपला,
अजूनही आपलाच मेहुणा

ता. क. त्रेसष्ट उंच्या मी दुरुस्त करून बाईंच्या टेबलावर ठेवल्या. आता पुस्तिकेतला प्रत्येक आकडा खरा आहे. भूमापकालाही पत्र घातलं: मापं एकाच माणसाने घेतली, पण दोन माणसांनी मिळून. त्याला ते कळणार नाही, पण विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर द्यावं.

ता. क. दुसरा. वर "खरं काय ते लिहा" असं लिहिलंय ते रागात लिहिलं, ते रद्द समजावं. खरी उंची मला ठाऊक आहे. इस्पितळाचं कार्ड कपाटात आहे आणि ते मी कुठल्याही फाइलला लावणार नाही. जी उंची तिने तापलेल्या दगडावर टाचा उचलून सांभाळली ती मी कागदावर खाली आणू शकत नाही. तेव्हा आपण त्या वेळी सांगितलंत तेच पुन्हा एकदा सांगा, फक्त या वेळी लेखी. मजकूर असा असावा: "माझी धाकटी बहीण पाच फूट एक इंच उंच होती, हे मी तिचे कपडे स्वतः शिवत असल्यामुळे खात्रीने सांगतो." खाली सही, तारीख आणि दुकानाचा शिक्का. एकशे बारा आकडे खरे आहेत. एक खोटा राहू द्या.

ता. क. तिसरा. भरात येऊन पाच फूट दोन लिहू नका. आपला स्वभाव मला ठाऊक आहे.

ता. क. शेवटचा. दाखला रविवारपर्यंत पोचेल असं बघा, कुणी येणारं असेल तर त्याच्या हाती द्या. नाही आला तर फोटो पुसू नयेत म्हणून सोमवारी मला बाईंना सांगावं लागेल की ही व्यक्ती कोण. आरशासमोर दोनदा म्हणून पाहिलं. वाक्य पाचच शब्दांचं आहे, "ही व्यक्ती माझी बायको" इथवर येतं, पण चौथ्याच्या पुढे मला जाता आलेलं नाही.